बेन जॉन्सन गेला म्हणून लायन्स संपले? मला नाही पटत

नोवीकर
गेल्या रविवारी आमच्याकडे सत्यनारायण होता. शिरा वाटताना शिकागोहून आलेला माझा मेव्हणा सगळ्यांसमोर म्हणाला, "दाजी, तुमचा आचारी आम्ही उचलला. आता बसा नुसता रवा भाजत." पाहुणे हसले, मीही हसलो, पण ते वाक्य डोक्यातून जाईना. जुलै २०२५ आहे, ट्रेनिंग कॅम्पला अजून वेळ आहे, बघायला काही नाही. म्हणून हा धागा.

ज्यांचं आमच्या डेट्रॉइट लायन्सकडे, म्हणजे एनएफएलमधल्या (अमेरिकन फुटबॉल लीग) आमच्या टीमकडे, लक्ष नव्हतं त्यांच्यासाठी थोडक्यात. बेन जॉन्सन २०२२ पासून तीन सीझन लायन्सचा ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर, म्हणजे आक्रमणाचे डाव आखणारा कोच होता. २०२४ च्या सीझनला आम्ही १५-२ (१५ विजय, २ पराभव), ५६४ गुण, लीगमध्ये सर्वांत जास्त. मग जानेवारीत आमच्याच घरात वॉशिंग्टनने ४५-३१ असं धुतलं आणि दोनच दिवसांत जॉन्सन शिकागो बेअर्सकडे हेड कोच म्हणून निघाला. डिफेन्सवाला एरन ग्लेन जेट्सकडे गेला. तेव्हापासून जो भेटतो तो दहाव्याला आल्यासारखा चेहरा करतो.

माझं म्हणणं एवढंच, की ही टीम हेड कोच डॅन कॅम्पबेलची आहे. २०२१ मध्ये पहिल्याच पत्रकार परिषदेत त्याने गुडघ्याच्या वाट्या चावायची भाषा केली तेव्हा सगळ्यांनी त्याला खुळ्यात काढलं होतं. त्याच सीझनला अर्ध्यातून त्याने प्ले-कॉलिंग (कुठला डाव टाकायचा ते ठरवणं) स्वतःकडे घेतलं आणि टाइट एंड्सना शिकवणाऱ्या जॉन्सनला हाताशी धरलं. म्हणजे आचारी घडवला कुणी? क्वार्टरबॅक (पास फेकणारा मुख्य खेळाडू) गॉफ, गिब्स, सेंट ब्राउन, लापोर्टा, सूएल, सगळे आहेत तिथेच आहेत. डिफेन्सचा हचिन्सन पाच मॅचमध्ये साडेसात सॅक (क्वार्टरबॅकला बॉलसकट पाडणं) करून डॅलसला पाय मोडून बसला होता, तो परत येतोय. आणि ज्या वॉशिंग्टनच्या मॅचचं दुःख आहे, त्यात आम्ही पाच वेळा बॉल घालवला. त्यातला एक चौथ्या क्वार्टरमध्ये, रिसीव्हर (पास झेलणारा) असलेल्या जेमसन विल्यम्सला पास फेकायला लावून. ती रेसिपी कुणाची होती?

बारा विजय आणि डिव्हिजन (आम्ही, शिकागो, ग्रीन बे आणि मिनेसोटा) पुन्हा आमची. लिहून ठेवा.

नेपरव्हिली
मीच तो मेव्हणा. दाजी, शिऱ्याला नावं ठेवली नव्हती, शिरा उत्तम होता.

आता मुद्द्याचं. गेल्या २२ डिसेंबरला मी आमच्या सोल्जर फील्डवर होतो, दोन जॅकेटं आणि आईने विणलेली कानटोपी घालून. लायन्सचा ऑफेन्स समोरच होता. गॉफ बॉल घेऊन मागे आला आणि पाय अडखळल्यासारखा लटपटला. शेजारी गिब्स सरळ जमिनीवर पालथा पडला. माझ्या बाजूचा माणूस ओरडत उठला, मीही उठलो, आम्हाला वाटलं बॉल सुटला. आमच्या डिफेन्सलाही तेच वाटलं, सगळे पुढे झेपावले. तोवर गॉफ सरळ उभा राहिला आणि मागे एकट्याच पळणाऱ्या लापोर्टाला शांतपणे टचडाउन देऊन मोकळा. पडण्याची तालीम केली होती हो त्यांनी! सरावात, आठवडाभर! हे कॅम्पबेलच्या डोक्यातून आलं असं मला सांगू नका.

तो माणूस आता आमच्याकडे आहे. आमच्या क्वार्टरबॅक केलेब विल्यम्सने पहिल्याच वर्षी ६८ सॅक खाल्ले, तरी पोरगा उभा राहिला. यंदा त्याच्यापुढे चीफ्सचा जो थूनी आहे, तोही ड्राफ्टच्या (कॉलेजच्या नव्या खेळाडूंची वार्षिक निवड) चौथ्या फेरीतल्या एका निवडीच्या बदल्यात. फाल्कन्सचा डालमन सेंटरला, तुमचाच जुना जोना जॅक्सन गार्डला. वर ड्राफ्टमध्ये लवलंड आणि बर्डन. दाजी, आचारी तर आलाच, चूलही नवी बांधलीय.

नोवीकर
अरे, शिकागोने आचारी आणायची ही पहिली वेळ नाही. २०१८ ला कॅन्सस सिटीहून मॅट नेगी आणला होता ना? पहिल्या वर्षी १२-४, कोच ऑफ द इयर, तू मला फोनवर मेन्यू वाचून दाखवत होतास. मग ती फील्ड गोलची किक आधी खांबाला आणि मग आडव्या दांडीला आपटली, आणि चार वर्षांत नेगी घरी. कोऑर्डिनेटर असणं वेगळं आणि त्रेपन्न जणांचा संसार चालवणं वेगळं.

आणि तुझी टीम शतकभर जुनी, पण आजवर एकाही क्वार्टरबॅकने सीझनमध्ये ४००० यार्ड फेकलेले नाहीत. बत्तीस टीममध्ये असे तुम्ही एकटेच. गॉफने गेल्या वर्षी ४६२९ फेकले.

नेपरव्हिली
ते जॉन्सनने फेकवले. पुढे बोला.

चीजभाकरी
तुमचं घरगुती भांडण चालू द्या, पण ग्रीन बेला मोजायचं विसरू नका. तो तुमचा आचारी पहिल्याच दिवशी व्यासपीठावरून म्हणाला, की आमच्या कोच मॅट लफ्लूरला वर्षातून दोनदा हरवायला त्याला मजा यायची. नव्या सुनेने उंबरा ओलांडायच्या आधीच शेजारणीशी भांडण काढलं.

आमचा क्वार्टरबॅक जॉर्डन लव्ह धट्टाकट्टा आहे. पहिल्या फेरीत आम्ही मॅथ्यू गोल्डन घेतला. २००२ नंतर पहिल्यांदा आम्ही पहिल्या फेरीत रिसीव्हर घेतला, तोही आमच्या लॅम्बो स्टेडियमच्या दारात भरलेल्या ड्राफ्टमध्ये. त्या रात्री मी तिथे होतो. लाखभर वस्तीचं गाव, आणि माणसं अशी लोटली होती की आषाढीचं पंढरपूर आठवलं.

आमच्या टीमला मालक नाही, हेही लक्षात असू द्या. मी स्वतः शेअरहोल्डर आहे. या महिन्यात वार्षिक सभेला जातोय.

नोवीकर
तो शेअर म्हणजे भिंतीवर लावायचा कागद. लाभांश नाही, विकता येत नाही. आमच्या सांगलीकडच्या साखर कारखान्यात सभासदाला दिवाळीला निदान स्वस्तात साखर तरी मिळते.

चीजभाकरी
साखर नको. चेअरमन होण्यासाठी मारामाऱ्या होत नाहीत आणि कोणी धनदांडगा टीम उचलून दुसऱ्या शहरात नेऊ शकत नाही, एवढं पुरे आहे.

थंडगार
चीजभाकरी साहेब, गेल्या वर्षी डिव्हिजनमध्ये तुमचा हिशोब १-५ होता. आमच्या मिनेसोटाकडून दोनदा, डेट्रॉइटकडून दोनदा आणि शेवटच्या रविवारी चक्क शिकागोकडून. त्यावर उपाय म्हणून तुमच्या व्यवस्थापनाने काय केलं, तर ईगल्सच्या टश पुशवर बंदी घाला असा प्रस्ताव आणला! (ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: यार्डभर अंतर उरलं की ईगल्स क्वार्टरबॅकला मागून ढकलतात, आपण बंद पडलेली जीप ढकलतो तसं.) मे महिन्यात मतदान झालं. २२ विरुद्ध १०. चोवीस हवी होती, बंदी बारगळली. आणि जानेवारीत ईगल्सने तुम्हाला हरवलं तो स्कोअर? २२-१०. नियतीलाही विनोदबुद्धी असते.

चीजभाकरी
ताई, हे लागलं. पण चार सुपर बोल (लीगची फायनल) खेळून चारही हरलेल्या टीमने आकड्यांवर बोलू नये.

थंडगार
बोलणारच. १४-३ होतो आम्ही. शेवटच्या दोन मॅच वाईट गेल्या हे मान्य. डेट्रॉइटला ३१-९ आणि मग रॅम्सकडून २७-९, त्यात आमचा क्वार्टरबॅक डार्नल्ड नऊ वेळा आडवा झाला. म्हणून डार्नल्डला सिॲटलला जाऊ दिलं आणि ओ-लाइनमध्ये (क्वार्टरबॅकला राखणारी फळी) तीन नवी माणसं आणली. आता सगळा भरवसा नव्या क्वार्टरबॅकवर, जे. जे. मॅकार्थीवर. पोराने अजून एनएफएलची एकही खरी मॅच खेळलेली नाही, हेही मान्य. माझा नवरा म्हणतो, न चाखलेल्या लोणच्याची बरणी कायम चांगलीच असते.

उगाच_एक
हातात धरून पळतात त्याला फुटबॉल का म्हणतात?

थंडगार
आलात का. दर वर्षी जुलैत येता, पावसाळी बेडकासारखे.

रात्रपाळी
मी पुण्यात असतो. आठ वर्षं मिशिगनला होतो, परत आलो, पण लायन्स काही सुटले नाहीत. इथे रविवारची दुपारची मॅच रात्री साडेदहाला लागते, घड्याळं बदलली की साडेअकराला. त्यामुळे मी बहुतेक मॅच आवाज बंद करून बघतो. घर झोपलेलं असतं. आवाज नसला की माणूस बॉलऐवजी बाकीचं बघायला लागतो.

नोवीकर, मी तुमच्याच बाजूचा, पण तुमचा आणि तुमच्या मेव्हण्याचा दोघांचा वाद मला चुकीच्या माणसावर चाललाय असं वाटतं. सगळे बेन जॉन्सन, बेन जॉन्सन करताय. दोन जूनला आपला सेंटर, म्हणजे ओ-लाइनच्या मधोमध उभा राहणारा फ्रँक रॅग्नो निवृत्त झाला, त्याचं नाव अजून एकदाही आलेलं नाही.

एखादी जुनी मॅच लावा आणि स्नॅपच्या (बॉल मागे देण्याच्या) आधीचे दहा सेकंद फक्त सेंटरकडे बघा. तो वाकलेला असतो, मान वर, एका हाताने समोरचा लाइनबॅकर (बचावपटू) दाखवतो. त्यावरून बाकीचे चौघे कुणी कुणाला अडवायचं ते ठरवतात. समोरची मंडळी जागा बदलतात, तो पुन्हा हात दाखवतो. मग स्वतःच बॉल मागे देतो आणि त्याच क्षणी दीडशे किलोचा माणूस छातीवर घेतो. हे रॅग्नोने सात सीझन केलं, त्यातली कित्येक वर्षं पायाच्या दुखऱ्या अंगठ्यावर. वय फक्त २९.

गॉफ पळणारा क्वार्टरबॅक नाही. कडेने कोणी आलं तर तो एक पाऊल पुढे सरकून फेकतो. त्याला मोडायचा एकच मार्ग आहे, मधून. आणि आपली मधली फळीच गेलीय. रॅग्नो गेला, उजवा गार्ड झाइट्लर टेनेसीला गेला. गार्ड ग्लास्गोला मधे आणायचं म्हणजे त्याच्या दोन्ही बाजूंना जवळजवळ नवी पोरं. त्यातला रॅटलेज तर यंदाच्या ड्राफ्टचा. तिकडे शिकागोने नेमकी तीच तीन माणसं बदललीत, गार्ड, सेंटर, गार्ड. जॉन्सनला डेट्रॉइटमध्ये काय हाताशी होतं हे त्याला पक्कं ठाऊक आहे. त्याने आल्या आल्या तेच मागून घेतलं असावं, हा माझा तर्क.

तुमचे बारा विजय मला दिसत नाहीत. मी दहा म्हणतो.

नेपरव्हिली
पुणेकर पण बेअर्सच्या बाजूने! दाजी, ऐकताय ना?

रात्रपाळी
तुमच्या बाजूने नाही हो. गेल्या ऑक्टोबरमध्ये तुम्ही वॉशिंग्टनला शेवटच्या फेकीवर मॅच दिलीत, कारण तुमचा कॉर्नरबॅक (रिसीव्हरला अडवणारा) प्ले सुरू झाला तरी प्रेक्षकांकडे तोंड करून हातवारे करत होता. थँक्सगिव्हिंगला टाइमआउट खिशात ठेवून घड्याळ संपू दिलंत आणि दुसऱ्या दिवशी कोचला नारळ दिलात. सवयी बदलायला गार्ड आणि सेंटर पुरत नाहीत. तुम्हाला मी आठ देतो.

नोवीकर
रॅग्नोचा मुद्दा आहे खरा. खोटं कशाला बोलू, ती बातमी आली त्या दिवशी मी ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडी बंद करून दहा मिनिटं बसून होतो. बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "कोण?" धाग्यात लिहिलं नाही, कारण लिहिलं की खरं होतं.

पण जॉन्सनच्या जागी आलेला जॉन मॉर्टन अगदीच परका नाही. २०२२ ला तो इथेच होता, मग दोन वर्षं डेन्व्हर. भाषा तीच राहील. आणि सूएल, डेकर दोन्ही कडांना आहेत. बारावरून अकरावर येतो. त्याखाली नाही. १९५७ नंतर आम्ही लीगचं विजेतेपद जिंकलेलं नाही, २००८ ला ०-१६ बघितलंय, सुपर बोलचं तोंड पाहिलेलं नाही. आता एक मांडणी नीट बसलीय तर जरा स्वप्न बघू द्या राव.

चीजभाकरी
पहिल्याच रविवारी, ७ सप्टेंबरला, या लॅम्बोवर. स्वप्नासाठी उशी घेऊन या.

नेपरव्हिली
त्याच्या पुढच्या रविवारी १४ तारखेला आम्ही तुमच्या घरी. जॉन्सन फोर्ड फील्डवर पाहुणा म्हणून. दाजी, पैज लावा. हरेल त्याने कोजागिरीला दुसऱ्याची जर्सी घालून मसाला दूध वाटायचं. दोन्ही घरचे पाहुणे असताना.

नोवीकर
लागली. तुझ्या बहिणीलाही विचारलं, ती म्हणते कुणीही हरा, दूध आटवायचं ते हरणाऱ्यानेच.

थंडगार
त्याच्या आधीच्या सोमवारी शिकागोची आमच्याशी मॅच आहे हे मेव्हणे विसरले वाटतं.

रात्रपाळी
एक विनंती. १४ ची मॅच इथे रात्री साडेदहाला सुरू होईल आणि सोमवारी सकाळी नऊला मला मीटिंग आहे. हाफटाइमपर्यंतच जागा राहीन, उरलेली सोमवारी जेवणाच्या सुट्टीत बघेन. तोवर या धाग्यात कुणीही स्कोअर लिहू नका. नेपरव्हिली, विशेषतः तुम्ही.

नेपरव्हिली
हरलो तर नाही लिहिणार.