चिंतावार, मामीडवार, कोंडावार : आडनावातला हा ‘वार’ कोणता?

नांदेडकडच्या आडनावांतल्या ‘वार’वर इथे दोन उत्तरं आली आहेत. एकाच्या मते तो ‘तपशीलवार’मधला, दुसऱ्याच्या मते ‘वाडी’चा अपभ्रंश. मला दोन्ही पटत नाहीत. माझं लहानपण धर्माबादला गेलं, वर्गात निम्मी मुलं ‘वार’ होती, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

हा ‘वार’ म्हणजे तेलुगू ‘वारु’. ‘वारु’ म्हणजे ‘ते’, आदरार्थी किंवा अनेकवचनी. घराण्याच्या नावाला लागला की अर्थ होतो अमक्यांच्या घरची मंडळी. आपण ‘जोश्यांकडचे’ म्हणतो ना, तसंच. तेलुगूत घराण्याच्या नावाला ‘इंटि पेरु’ म्हणजे ‘घराचं नाव’ म्हणतात आणि ते माणसाच्या नावाच्या आधी येतं. मराठी मुलखात ते शेवटी गेलं, ‘वारु’चा उकार गळाला आणि उरलेला ‘वार’ आडनावाला कायमचा चिकटला.

म्हणून अशा आडनावाचा अर्थ लावताना ‘वार’ बाजूला काढायचा आणि उरलेला भाग तेलुगूत वाचायचा. मराठीत वाचला की फसगत होते. वर्गातल्या चिंतावारला सगळे विचारायचे, ‘कसली रे चिंता?’ एकदा त्याच्या घरी मी हाच प्रश्न आजीसमोर केला. ती मिरच्यांची देठं खुडत बसली होती. तिने अंगणातल्या चिंचेकडे हात केला आणि म्हणाली, ‘ते बघ, चिंत चेट्टु.’ चिंत म्हणजे चिंच, चेट्टु म्हणजे झाड. तसंच मामिडि म्हणजे आंबा, त्यावरून मामीडवार. कोंडावारमधला कोंडा चाळणीवर उरणारा नव्हे; कोंड म्हणजे डोंगर. येरावारमध्ये ‘येर्र’ म्हणजे तांबडा रंग दिसतो. या ‘वार’ मंडळींच्या दुकानांत मापं मोजताना पहिल्या मापाला ‘एक’ म्हणत नसत, ‘लाभम’ म्हणत. मग रेंडु, मूडु. गिऱ्हाइकाशी बोलणं मात्र अस्सल धर्माबादी मराठीत.

शेजारीच ‘कर’वाली आडनावं आहेत : देगलूरकर, बोधनकर. ‘कर’ गाव सांगतो, ‘वार’ घर सांगतो. बोधन आज तेलंगणातल्या निजामाबाद जिल्ह्यात आहे, पण बोधनकर हे आडनाव घडणीने पक्कं मराठी.

‘वार’ सर्वांत दाट दिसतो तो नांदेड जिल्ह्यात, बिलोली, देगलूर, धर्माबाद, किनवट या पट्ट्यात, आणि पुढे विदर्भात यवतमाळ, चंद्रपूर, गडचिरोलीकडे. पश्चिमेला बीड-धाराशिवकडे सरकलं की तो विरळ होतो. उदगीर-निलंग्याकडे बिरादार, बिराजदार भेटू लागतात, तिथे शेजार कानडीचा. कोमटी म्हणजे आर्य वैश्य समाजात ‘वार’ जास्त आहे हे खरं, पण तेलंगी मूळ असलेल्या इतर समाजांतही तो आहे. ‘वार’ दिसला की जात ठरवून मोकळं होणं चूक आहे.

एक गोष्ट मनाला लागते. पुण्यात नोकरीच्या मुलाखतीत माझ्या मित्राला विचारलं गेलं, ‘तुम्ही मूळचे तिकडचे, मग मराठी कसं काय इतकं चांगलं?’ आमच्याकडे ‘तिकडचं’ असं वेगळं काही नव्हतंच. निजामाच्या राज्यात हा सगळा एकच मुलूख होता. १ नोव्हेंबर १९५६ ला भाषावार राज्यांची रेघ ओढली गेली तेव्हा किनवट तालुका आदिलाबाद जिल्ह्यातून नांदेडात आला, मुधोळ-भैंसा नांदेडातून आंध्र प्रदेशात (आजच्या तेलंगणात) गेलं आणि देगलूर तालुक्यातली बिचकुंदा, जुक्कल ही मंडळंही गेली. घरं होती तिथेच राहिली. सोयरिकी आजही रेघेच्या दोन्ही बाजूंना होतात.

तुमच्या घरात किंवा शेजारी कुणी ‘वार’ असेल, तर ‘वार’ काढून उरलेला शब्द घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला विचारा आणि उत्तर इथे लिहा. चिंच, आंबा आणि डोंगर माझ्याकडे जमा आहेत.