मदत हवी आहे : आधी टीजी (ट्रान्सजेंडर ओळखीचं) प्रमाणपत्र की राजपत्रात (सरकारी गॅझेटमध्ये) नावबदल? पुस्तक छपाईला चाललंय

कुंचला | ११ जुलै २०२३
तातडीचं आहे. मी ट्रान्स स्त्री, मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते. पुढच्या आठवड्यात पुस्तक छपाईला जातंय आणि 'चित्रे :' च्या पुढे माझं जुनं नाव आहे. प्रकाशक म्हणतात, पॅनवर असेल तेच छापणार. जलरंगातल्या प्रत्येक चित्राच्या कोपऱ्यात मी पेन्सिलीने सही केली होती. प्रुफात ती पुसून टाकलीय, तिथे नुसता फिकट ठिपका दिसतो. टीजी प्रमाणपत्रासाठी सरकारी पोर्टलवर केलेला अर्जही फेटाळला. आता काय करू?

सह्याद्रीकाका
अर्ज का फेटाळला ते लिहिलंच नाहीस.

नदीकाठ
टोपणनाव घ्या की. शिरवाडकरांचं कुसुमाग्रज झालंच ना!

रानजाई
टोपणनाव हौसेने घेतात. हे तिचं नाव आहे, नदीकाठ.

नदीकाठ
मान्य, शब्द चुकला. पण मुद्दा सोडत नाही. पुस्तकावर कुठलं नाव छापायचं ते पॅनवरून ठरत नाही. बिल जुन्या नावाने द्या, पुस्तकावर नवं घाला. टीडीएस, म्हणजे मानधनातून कापलेला कर, पॅन क्रमांकावर जमा होतो आणि नाव बदललं तरी क्रमांक तोच राहतो. प्रकाशकांना हेच सांगा.

वेलांटी
आयपॅडवर काढलंत तर सही वेगळ्या लेयरवर ठेवता येते.

कुंचला
मी कागदावरच काढते. काका, कारण 'रहिवास' असं दिलंय. खिडकीवर डॉक्टरचं पत्रही मागत होते.

सह्याद्रीकाका
पुण्यात किती दिवस झाले?

कुंचला
आठ महिने. त्याआधी नगरला होते.

सह्याद्रीकाका
अगं, हे आधी सांगायचं! ट्रान्सजेंडर हक्क कायद्याच्या २०२० च्या नियमांप्रमाणे अर्जाच्या दिवशी त्या जिल्ह्यात सलग बारा महिने झालेले लागतात. चार महिन्यांनी पुन्हा अर्ज कर. डॉक्टरचं पत्र मात्र देऊ नकोस. याच २०२० च्या नियमांत पहिलं प्रमाणपत्र प्रतिज्ञापत्रावर मिळतं, वैद्यकीय तपासणी लागत नाही. ते मिळालं की २०१९ च्या त्याच कायद्याच्या कलम ७(३) खाली सगळ्या कागदांवर नाव बदलता येतं.

रानजाई
चार महिने तिने काय करायचं? राजपत्र आत्ताच कर. मी तसंच केलं.

सह्याद्रीकाका
राजपत्राने नाव बदलेल, लिंगाची नोंद तशीच राहील. मग आधारसाठी दुसऱ्यांदा रांग.

रानजाई
काका, बिल नावावर अडतं, लिंगावर नाही.

पायवाट
खरी गोष्ट आरक्षणाची आहे. ट्रान्स लोकांना आरक्षण द्या, असं २०१४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, अजून वाट बघतोय. त्यावर बोला.

कुंचला
पायवाटदादा, त्या मागणीचे फलक मीच रंगवलेत, रात्र-रात्र जागून, आणि पुन्हा रंगवीन. पण आरक्षण नोकरीत मिळतं. सुट्ट्या कामांवर जगणारीला ठरल्या तारखेला, तिच्या नावाने पैसे मिळावेत, हे धोरणात कुठे येतं? जूनमध्ये तीन ठिकाणी बोलायला बोलावलं, मानधन एकानेच दिलं.

पायवाट
हे लिहून दे, निवेदनात घालू.

कुंचला
देते. प्रकाशकांशी बोलले. आतल्या पानावर नाव बदलतायत. सहीची पानं उद्या दुपारी बारापर्यंत परत स्कॅन करून दिली तर घेतील. रानजाई, राजपत्राच्या अर्जाला कुठलं ओळखपत्र लावलंस?