ठाम मतवाल्यांनी टीममध्ये नमतं कधी घ्यावं?

अर्धविराम: कोड रिव्ह्यूत, म्हणजे एकमेकांचा कोड तपासताना, कुणी "असं लिहायचंच नसतं" म्हटलं की चर्चा तिथेच आटोपते. गोटू म्हणजे प्रोग्रामला थेट दुसऱ्या ओळीवर उडी मारायला लावणारी आज्ञा; संगणकशास्त्रज्ञ डाइक्स्ट्रांचं 1968 चं 'गोटू घातक' हे पत्र सगळ्यांना ठाऊक. गोटू कुठे चालतो हे सांगणारा डोनाल्ड कनूथ यांचा 1974 चा लेख मात्र क्वचितच कुणी काढतं. लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, तर मध्येच काही फसलं की घेतलेली मेमरी, लॉक वगैरे सोडायला आजही सर्रास गोटू वापरतात. नियम खोटा नव्हता, त्याची हद्द लोक विसरले. म्हणून मत मांडताना ते कुठे लागू नाही हेही सांगा. सांगता येत नसेल तर ते मत उसनं आहे.

लालशाई: नम्रतेचे डोस नेहमी ज्युनिअरलाच का? सिनिअर अडून बसला की 'अनुभव', ज्युनिअर अडला की 'ॲटिट्यूड'! आणि प्रत्येक कॉमेंटला 'कदाचित' चिकटवत बसलो तर युजरचं इनपुट थेट एसक्यूएलमध्ये (डेटाबेसला द्यायच्या आज्ञेत) जोडणारा धोकादायक कोडही मुख्य कोडमध्ये मर्ज होईल.

अर्धविराम: ते मत नाहीच, ती तपासून दाखवता येणारी चूक आहे. इनपुटमध्ये एक अवतरणचिन्ह टाका, क्वेरी मोडलेली दिसेल. मी बोलतोय ते फंक्शन किती ओळींचं असावं, मायक्रोसर्व्हिसेस (एका ॲपचे छोटे स्वतंत्र तुकडे) हव्यात का, असल्या गोष्टींबद्दल.

रात्रपाळी: निम्मे वाद घालूच नयेत. गो या प्रोग्रामिंग भाषेसोबत कोडची मांडणी आपोआप लावणारा फॉरमॅटरच मिळतो, टॅब की स्पेस हा विषय मिटला. आर्किटेक्चरचं म्हणाल, तर रात्री दोनला अलर्ट आल्यावर ज्याला उठायचंय त्याच्या मताला जास्त वजन द्या. (मीटिंगमध्ये तावातावाने बोलणारे बहुधा ऑन-कॉलवर नसतात.)

लालशाई: हे पटलं. पण मत कशाला पातळ करायचं? सूर बदला. 2018 मध्ये लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी आपल्या अपमानास्पद ईमेलबद्दल माफी मागितली, काही काळ कामातून बाजूलाही झाले. परत आल्यावर इतरांनी पाठवलेले पॅच (कोडमधले बदल) नाकारणं काही सोडलं नाही.

अर्धविराम: गोड सुरात तोच हट्ट चालवणारे जास्त छळतात हो. "मुद्दा अगदी बरोबर आहे तुझा" म्हणतात आणि पीआर (मर्जसाठी पाठवलेला बदल) आठवडाभर लटकवतात. तक्रार तरी काय करणार?

रात्रपाळी: हरकत घेणाऱ्याने दोन दिवसांत कारण लिहून द्यायचं, नाहीतर तिसऱ्याने निकाल द्यायचा. हे वाद पेटायच्या आधी ठरवा; पेटल्यावर तिसरा कोण, यावरच भांडण होतं.