विद्युत-ॲक्युपंक्चर: श्रेय सुईला, विजेला की विश्वासाला?

नौपाडेकर:
ठाण्यातील एका दवाखान्यात आईच्या गुडघ्याभोवती टोचलेल्या ॲक्युपंक्चरच्या सुयांना चिमटे लावून त्यांतून वीज सोडणारे यंत्र सुरू केले, तेव्हा मांडीचा स्नायू प्रवाहाच्या ठेक्यावर उडताना मी पाहिला. हा केवळ मनाचा खेळ आहे असे म्हणणाऱ्यांनी बीजिंगच्या हान जीशेंग यांचे संशोधन विचारात घ्यावे. २ हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला दोन ठोक्यांच्या प्रवाहाने एन्केफॅलिन व बीटा-एंडॉर्फिन, तर १०० हर्ट्झने डायनॉर्फिन ही शरीराचीच अफूवर्गीय वेदनाशामक द्रव्ये स्रवतात, असे त्यांनी दाखवले. शिवाय नॅलोक्सोन हे अफूवर्गीय द्रव्यांचा परिणाम रोखणारे औषध दिल्यावर ॲक्युपंक्चरचा आराम ओसरतो, हे १९७७ मध्येच दिसले होते.

वाशीकर:
आपला नॅलोक्सोनचा दाखला दुधारी आहे. दाढ काढलेल्या रुग्णांना बनावट औषधाने मिळालेला आरामही नॅलोक्सोनने ओसरतो, हे १९७८ मध्ये लेव्हिन, गॉर्डन आणि फील्ड्स यांनी दाखवले. म्हणजे एंडॉर्फिन पाझरले एवढ्यावरून ते सुईने पाझरले की भरवशाने, हे ठरत नाही. जर्मनीत २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कंबरदुखीच्या चाचणीत खऱ्या ॲक्युपंक्चरचा गुण ४७.६ टक्के रुग्णांना आला आणि भलत्याच जागी वरवर टोचलेल्या सुयांचा ४४.२ टक्क्यांना, नेहमीच्या उपचारांचा मात्र २७.४ टक्क्यांनाच.

नौपाडेकर:
त्या चाचणीत वीज नव्हती, हे आपण सोयीस्करपणे वगळलेत. उंदरांचे काय? ज्या उंदरांत कोलेसिस्टोकायनिन हे अफूवर्गीय द्रव्यांना विरोध करणारे रसायन जास्त स्रवते, त्यांना विद्युत-ॲक्युपंक्चरचा गुण कमी येतो आणि ते रसायन दाबले की येऊ लागतो. प्रवाह फार वेळ चालू ठेवल्यास मॉर्फिनप्रमाणे त्याचीही सवय होते, त्यातही याच रसायनाचा हात असतो. उंदराची वैद्यावर श्रद्धा असते, असा आपला दावा नसावा.

कोपरीची फिजिओथेरपिस्ट:
उंदरांपुरते मान्य. पण माणसांच्या मेरुद्रवात, म्हणजे मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात, प्रवाहाच्या कंप्रतेनुसार (हर्ट्झनुसार) वेगवेगळी द्रव्ये वाढतात, हे हान यांच्याच गटाने १९९१ मध्ये दाखवले तेव्हा सुई वापरलीच नव्हती. त्वचेवर चिकटवलेल्या पट्ट्यांतून प्रवाह दिला होता. असा प्रवाह आम्ही टेन्स यंत्राने रोजच देतो. मग सुईचे वेगळे पैसे रुग्णाने कशासाठी मोजावेत?

नौपाडेकर:
सुई त्वचेचा अडथळा ओलांडून स्नायूपर्यंत पोहोचते, म्हणून कमी प्रवाह पुरतो.

वाशीकर:
प्रवाह कमी पुरणे ही यंत्राची सोय झाली. आराम जास्त मिळतो का, हे त्यातून कळत नाही. ते पाहायचे तर सुया त्याच ठेवून एका गटाच्या तारांतून वीज सोडायची आणि दुसऱ्याच्या तारा नुसत्याच जोडायच्या, म्हणजे विजेचा वाटा निदान वेगळा काढता येईल.