टोकियो की बिस्मार्क समुद्र? बी-२५ मिचेलची खरी कामगिरी कोणती?

विमानवेडा: मिचेल या अमेरिकी बॉम्बफेकी विमानाचा विषय निघाला की गाडी थेट डूलिटलच्या टोकियो हल्ल्यावर. १८ एप्रिल १९४२, हॉर्नेट या विमानवाहू नौकेवरून १६ विमानं उडाली, टोकियोवर बॉम्ब पडले, टाळ्या! जपानचं नुकसान किरकोळ, अमेरिकेची मात्र सगळी विमानं गेली. १५ चीनच्या बाजूला पडली आणि एक व्लादिवोस्तोकजवळ उतरलं, ते सोव्हिएतांनी ठेवून घेतलं. माझ्या मते या विमानाचं खरं काम मार्च १९४३ मध्ये न्यू गिनीजवळच्या बिस्मार्क समुद्रात दिसलं. अमेरिकी हवाई दलातल्या 'पॅपी' गननं त्याचं रूपच पालटलं होतं: पुढे मारा करणाऱ्या आठ मशीनगन, चार नाकात, चार बाजूंना. डोलकाठीच्या उंचीवर यायचं, डेक झोडपायचा आणि बॉम्ब सोडायचा. तळ्यात चपटा दगड मारावा तसा तो पाण्यावर उड्या मारत जहाजाच्या कुशीत. फ्यूज चार-पाच सेकंदांचा, नाहीतर स्वतःच्याच बॉम्बनं उडायचे. जपानी ताफ्यातली आठही वाहतूक जहाजं बुडाली, चार विनाशिकाही. न्यू गिनीतल्या लाएला निघालेल्या ६,९०० सैनिकांपैकी पोहोचले जेमतेम १,२००.

कोकणी_खलाशी: टनावारी नुकसान मोजणं म्हणजे हिशेबनीसाचा इतिहास! टोकियोवरच्या हल्ल्यानं जपानमध्ये मिडवे बेटावरच्या चढाईच्या बेताला विरोध करणाऱ्यांची तोंडं बंद झाली आणि जून १९४२ मध्ये तिथं जपानच्या चार विमानवाहू नौका तळाला गेल्या. शिवाय डेकवरून उडायला दुसरं होतं कोण? बी-२६ या बॉम्बफेक्याला जास्त धाव लागायची, बी-२३ चे पंख रुंद. शेपटीत तोफा नव्हत्याच, म्हणून शत्रूला फसवायला तिथं रंगवलेले झाडूचे दांडे लावले. हे कौशल्य नाही?

सरळसोट: टाळ्यांचं बिल चिनी शेतकऱ्यांनी भरलं, ते कुणीच मांडत नाही. वैमानिकांना लपवलं म्हणून जपान्यांनी चीनच्या झेजियांग-जियांगशी प्रांतांत गावंच्या गावं जाळली. मृतांचा आकडा अडीच लाखांपर्यंत सांगतात. आणि विमानवेडा, बिस्मार्कला पुढे घुसले ते ऑस्ट्रेलियाचे ब्यूफायटर, म्हणजे लढाऊ विमानं. नंतर तराफ्यांवरच्या जपानी माणसांवर गोळ्या झाडल्या, तेही तुमच्या कौतुकात येऊ द्या की.

विमानवेडा: तराफ्यांवरचा गोळीबार घृणास्पदच, त्यावर वाद नाही. पण ब्यूफायटर तोफा झाडत होते. तो खालून येणारा बॉम्ब मिचेल आणि ए-२० या दुसऱ्या बॉम्बफेक्याचा. मिडवेचं म्हणाल तर ती योजना जपानी आरमाराचा सेनापती यामामोतोनं आधीच पुढे रेटली होती. डूलिटलनं घाई करवली, एवढंच.

कोकणी_खलाशी: युद्धात घाई म्हणजे 'एवढंच'?