नदीकाठ, ओपन स्पेस आणि आमची सांगली: तुमचा अनुभव लिहा

नदीकाठचा
कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा, ४५ वर धोका, हे सांगलीतल्या शेंबड्या पोरालाही पाठ असतं. २०१९ च्या ऑगस्टात पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. ते उतरल्यावर आठवड्याभराने मी घाटावर गेलो. सगळीकडे गाळ. पण गाळ खरवडला तर खालच्या दगडी पायऱ्या होत्या तशाच. थोड्या अंतरावर कुणीतरी हौसेनं केलेली छोटी बाग होती. तिचे पेव्हर ब्लॉक उखडलेले, घसरगुंडी आडवी, व्यायामाच्या यंत्रांचे बेअरिंग चिखलानं जाम. ज्यांनी घाट बांधले त्यांना ठाऊक होतं की पावसाळ्यातले काही दिवस ही जागा नदीची असते. आपण तिथे दिवाणखाना मांडतो आणि पाणी आलं की नदीला शिव्या घालतो.

गावात फिरायला, खेळायला, नुसतं बसायला जागा हव्यात यावर कुणाचं दुमत नसावं. मला मात्र वाटतं, जागा पुष्कळ आहेत, त्या वापरता येत नाहीत ही खरी अडचण आहे. म्हणून 'अमुक व्हायला पाहिजे' अशी यादी नको, ती सगळ्यांची तोंडपाठ आहे. तुम्ही कुठे जाता, कुठे जायचं टाळता, का टाळता, आणि स्वतः काही करून पाहिलं असेल तर त्याचं काय झालं, ते या धाग्यात खाली आपापल्या टोपणनावानं लिहा. सातारकरांनाही आमंत्रण. मिरजकरांनी फक्त 'सांगलीत आहेच काय' एवढं लिहून पळू नये.

भोपळा पाठीला
मी ६८ चा. पोहायला शिकलो ते माई घाटावर, पाठीला वाळका भोपळा बांधून. काकांनी पाण्यात ढकललं आणि वरून म्हणाले, 'हात मार.' झालं शिक्षण. दिवाळीनंतर पाणी निवळलं की पहाटे घाटावर पंचवीस-तीस जण असायचे. वकील, हमाल, मास्तर, सगळे लंगोटावर, त्यामुळे कोण कोण ते कळायचं नाही.

आता नातवाला तिथे नेत नाही. एक कारण मगर. नदीत मगरी आहेत, भिलवडी-औदुंबरकडे तर त्या लोकांना नवीन नाहीत. दुसरं कारण पाण्याचा वास. नातू शिकतो निळ्या टाकीत, महिन्याची फी भरून. पोहतो छान, पण नदीची ओढ कशी असते ते त्याला माहीत नाही. होड्यांच्या शर्यती असतात तेव्हा त्याला पुलावर घेऊन जातो. सांगलवाडीकडून, डिग्रजकडून पोरं येतात, वल्ही एका दमात पडतात, पुलावर मुंगीला वाव नसतो. वर्षातले बाकीचे दिवस त्याच पुलावरून लोक काचा वर करून जातात. माझी सूचना एवढीच, घाटावर कपडे बदलायला एक आडोसा आणि एक नळ. बायकांना पन्नास वर्षांपूर्वीही तो नव्हता.

सतरंजीवाली
आजोबा, शेवटचं वाक्य वाचून लिहायला बसले.

आमच्या कॉलनीतल्या ओपन स्पेसवर संध्याकाळी पत्त्यांचा अड्डा असायचा. वाईट माणसं नव्हेत, कुणी काही बोलायचं नाही. पण पंधरा पुरुष गोल करून बसले की उरलेली जागा रिकामी असूनही आपली वाटत नाही. आम्ही आमराईत चालायला जायचो, तिथे झाडांची सावली आहे, गर्दी आहे, बरं वाटतं. पण घरापासून रिक्षा करून चालायला जायचं म्हणजे गंमतच.

मागच्या उन्हाळ्यात आम्ही पाचजणी सतरंजी घेऊन तिथेच जाऊन बसलो. काही करायचं नाही, नुसतं बसायचं, शेंगा सोलायच्या. पहिल्या दिवशी पत्तेवाले गप्प झाले. चौथ्या दिवशी त्यातले एक काका विचारायला आले, 'काय कार्यक्रम आहे का?' आम्ही म्हटलं, नाही, वारा खायला आलोय. महिन्याभरात आम्ही अकराजणी झालो, पोरं आली, मग त्यांच्या आज्ज्या. पत्तेवाले अजून आहेत, एका कोपऱ्यात. दिवा मात्र एकच, तोही त्यांच्या कोपऱ्यात! त्यासाठी अर्ज दिलाय. कुठे दिला आणि किती महिने झाले ते लिहीत नाही, उगाच रक्तदाब वाढतो. आणि स्वच्छतागृह नाही, त्यामुळे आमची बैठक बरोबर एक तासाची असते. वेळ आम्ही नव्हे, गरज ठरवते.

फक्कीवाला
मी पोरांना कबड्डी शिकवतो. फुकट. आमच्या भागातल्या मैदानावर (नाव नको) सीझनला प्रदर्शन, सेल, लग्न, सगळं होतं. भाडं मिळतं, बरं आहे. पण मांडव उठला की खुंट्यांचे खड्डे तसेच, खिळे तसेच. माझ्या एका पोराच्या टाचेत खिळा गेला, सहा टाके. त्या दिवशी ठरवलं, दुसऱ्याच्या मैदानावर नाही.

एका ओपन स्पेसवर रहिवाश्यांना विचारून आम्ही पोरांनीच जागा साफ केली. दोन ट्रॉल्या लाल माती, ती चाळली, पाणी मारलं, रोलर फिरवला. कबड्डीला तेवढं बास. शेजारी कुस्तीवाले वस्ताद आहेत, त्यांनी त्यांच्या हौदाला ताक, तेल, हळद घातली. हळद घालायला सांगलीत कुणाला विचारावं लागतं होय! फक्कीच्या रेघा मी रोज मारतो, पावसात रोज पुसतात. खर्च सगळा मिळून एका लग्नातल्या जनरेटरपेक्षा कमी आला. भांडण एकदाच झालं, पहाटेच्या ओरडण्यावरून. आता सहाच्या आधी 'कबड्डी कबड्डी' मनातल्या मनात.

निवृत्त आरेखक
नगररचनेच्या कामात हयात गेली, कुठल्या गावी ते राहू द्या. वरचे दोघे ओपन स्पेस म्हणतात ते नेमकं काय असतं ते सांगतो, कारण निम्म्या लोकांना आपल्या कॉलनीत ती आहे हेच ठाऊक नसतं.

साधारण एकरभर, म्हणजे ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या जमिनीचा लेआउट मंजूर करताना १० टक्के जागा मोकळी सोडावी लागते. विकताना प्रत्येक प्लॉटवाल्याला नकाशात हिरवा रंग दाखवतात. पुढे तिथे वाळूचा ढीग पडतो, मग पत्र्याची शेड येते, मग देऊळ. देऊळ आलं की विषय संपला. म्हणून आधी मंजूर लेआउटची प्रत काढा, मिळकत पत्रिका काढा आणि टेप घेऊन जागेवर जा. मी हे तीन ठिकाणी केलं. एका ठिकाणी कुंपणच सहा फूट आत सरकलेलं निघालं.

नदीकाठाचं म्हणाल तर पूररेषा बघा. निळी रेषा म्हणजे ढोबळमानानं २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची हद्द, लाल रेषा म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदी आणि निळी रेषा यांच्या मधे इमारत बांधायची नाही. मैदान, बाग, शेती चालते. म्हणजे गावाचं सगळ्यात मोठं खेळाचं मैदान कायद्यानं नदीकाठीच राखून ठेवलंय. फक्त तिथे जे कराल ते पाण्याखाली जाऊन परत वर येणारं हवं. माती, झाड, दगड. धागाकर्त्यांनी घाटाचं लिहिलं ते बरोबर आहे.

चार भिंतीवरून
सातारकर हजर. आमच्याकडे पूर नाही, चढ आहे. अजिंक्यताऱ्यावर पहाटे जाणाऱ्यांत मी एक. तिकीट नाही, सुशोभीकरण नाही, दम लागतो तेवढाच. आमच्या ग्रुपमधला प्रत्येक जण उन्हाळ्यात दोन बाटल्या नेतो, एक स्वतःला, एक ठरलेल्या झाडाला. माझं झाड वडाचं आहे, तीन वर्षांचं. गेल्या मे महिन्यात मी दहा दिवस गावाला गेलो तर कुणीतरी अनोळखी माणूस त्याला पाणी घालत होता. तो कोण ते अजून कळलं नाही.

भेळप्रेमी
भेळेच्या गाड्या हलवू नका. रात्री नऊला बागेबाहेर उजेड त्यांचाच असतो. बाकी चालू द्या.

तालमीला जागा
१८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' केलं ते याच गावात, म्हणून नाट्यपंढरी म्हणायचं. आणि आम्ही एकांकिकेची तालीम करतो कुठे? मित्राच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीमागे. हॉलचं भाडं परवडत नाही. एकदा घाटाच्या पायऱ्यांवर केली. दहा मिनिटांत साठ प्रेक्षक, त्यातल्या एका म्हशीवाल्यानं मधेच सांगितलं, 'आवाज मागं येत न्हाई.' अख्ख्या स्पर्धेत मिळाला नाही असा उपयोगी शेरा.

वॉकरचा मुलगा
वडिलांना पक्षाघात झाल्यापासून ते व्हीलचेअरवर आहेत. घराजवळच्या बागेला मोटरसायकली आत जाऊ नयेत म्हणून गोल फिरतं फाटक बसवलंय. मोटरसायकली शेजारच्या मोडक्या कुंपणातून जातात. वडील जात नाहीत. दोन वर्षं आम्ही बाहेर रस्त्यावर थांबून आतली झाडं बघायचो.

इथलं वाचून टेप घेऊन गेलो, फाटकाशेजारचा अडसर मोजला, खुर्ची मोजली. चार इंचांचा प्रश्न होता. देखभाल करणाऱ्या माणसाला दाखवलं. त्यानं वर विचारलं, वरून होकार आला, आणि कोपऱ्यावरच्या वेल्डिंगवाल्यानं एक पाइप कापून दिला, पैसे घेतले नाहीत. काल आत गेलो. वडिलांना बोलणं जमत नाही. बागेतले सगळे बाक भिंतीकडे तोंड करून आहेत, म्हणून त्यांनी हातानंच खूण केली, खुर्ची मुलं खेळतात तिकडे वळव.