रात्रीचा स्वयंपाक, बेताच्या खर्चात: नागपूरकरांनो, आपापले अनुभव लिहा

सांबारवडी (धागाकर्ती)

महिन्याची वीस तारीख उलटली की बहुतेक घरांत संध्याकाळी एकच प्रश्न फिरतो: आज रात्री काय? त्याचीच उत्तरं इथे हवी आहेत. नुसत्या पाककृती नकोत, त्या कुठेही मिळतात. बाजार कुठून करता, वर्षाचं काय भरता, उरलेल्याचं काय करता आणि घरातली माणसं ते कुरकुर न करता खातात का, हे लिहा. सामिष-निरामिष सगळं चालेल. अट एकच: जेवण रोजचं, घरच्या सगळ्यांचं आणि रात्रीचं असावं. सकाळच्या डब्यांचं गणित वेगळं असतं.

सुरुवात मीच करते. घरी सासूबाई, आम्ही दोघं आणि दोन पोरं. माझा अनुभव असा की आधी मेनू ठरवला तर खिसा हमखास कापला जातो. सोमवारी फूलकोबी लिहिली आणि नेमकी तीच महाग निघाली, तरी आपण घेतोच. म्हणून मी आधी बाजार करते आणि पिशवी रिकामी करतानाच कोणत्या रात्री काय ते ठरवून टाकते. पहिल्या दोन रात्री पालेभाजीच्या, कारण आपल्याकडच्या उन्हात मेथी-पालक तिसऱ्या दिवशी मान टाकतात. मधल्या रात्री वांगे, बरबटी, कोबी. मग आलू आणि कोहळं (लाल भोपळा). बाजाराच्या आदल्या रात्री भाजी नाहीच: डाळकांदा, मोकळं बेसन नाहीतर कढीगोळे. त्या रात्रीची पोरं वाट पाहतात हे विशेष.

दालभाजी आमच्याकडे ठरलेली. पालकाची जुडी, वाटीभर तूरडाळ, मूठभर हरभऱ्याची डाळ आणि तेवढेच फल्लीदाणे (शेंगदाणे) एकाच कुकरात. घोटायची ती डाळ, दाणे आख्खे राहिले पाहिजेत. लसूण आणि लाल मिरचीची फोडणी ताटं घेतल्यावरच करायची, आधी करून ठेवली तर लसणाचा खमंगपणा जातो. सोबत पोळी आणि भात. पाच जणांचं व्यवस्थित होते, पुन्हा वेगळं वरण लावावं लागत नाही.

तर्रीबाज

आधी बाजार मग मेनू, एकदम पटलं. पण बाजाराची वेळही सांगा नं ताई. सक्करदऱ्याच्या बुधवार बाजारात संध्याकाळी सहाला जो भाव असते तो आठनंतर राहत नाही. तेव्हा भाजीवाला किलोची भाषाच सोडते, सरळ ढीग लावते. ढीग घ्यायचा तर हात खाली घालून उलटवून पाहा, वरचे टमाटर लाल आणि खालचे पिचके असतात. पिचके आले तरी मी सोडत नाही. त्याच रात्री कांदा-लसणासोबत शिजवून, घोटून डब्यात ठेवतो. दोन-तीन रात्रींच्या रस्श्याची सोय होते. वांगे मात्र ढिगातले कधी घेऊ नये, अर्धे जून बियांचे निघतात.

ऑफिस धरमपेठेत, गोकुळपेठ मार्केट रोज रस्त्यात लागते. तिथली भाजी फार देखणी असते. मी पाहतो आणि पुढं जातो.

जुनीकोठी

आमच्या महालातल्या घरात अजून वर्षाचं धान्य भरतात. ज्याचा हंगाम त्याच वेळी ते घ्यावं, एवढं साधं आहे. नवी तूर जानेवारी-फेब्रुवारीत येते, डाळ तेव्हा घ्यायची. तिला एरंडेलाचा हात लावायचा, एक ऊन द्यायचं आणि पिंपात भरायची. गहू एप्रिल-मेमध्ये. तांदूळ भंडाऱ्याकडून नात्यातून येतो, रोजच्याला एचएमटी. हे वाण चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी आपल्या शेतात निवडून निवडून तयार केलं. माझ्या नातवाला वाटायचं की घड्याळाच्या कंपनीनंच तांदूळ काढला असेल. नाव घड्याळावरूनच पडलं, पण अक्कल शेतकऱ्याची.

नवा तांदूळ आणला की लगेच काढू नका. तो चिकट होतो आणि फुगत नाही. वर्षभर मुरलेला तांदूळ पाणी जास्त पितो आणि तेवढ्याच वाटीत एक माणूस जास्त जेवते.

दुसरी गोष्ट वाळवणाची. मे महिन्यातलं ऊन फुकट असते, ते वाया घालवू नये. मूगवड्या, सांडगे, कुरड्या, ज्वारीचे पापड त्याच दिवसांत होतात. पुढे पावसाळ्यात पालेभाजी चिखलानं भरलेली आणि वरून महाग येते, तेव्हा मूगवड्यांची आलू घालून रस्साभाजी करते. वड्या आधी चमचाभर तेलात बदामी परतून घ्यायच्या, तशाच टाकल्या तर रस्श्यात लगदा होतो. सून नोकरी करते, तिला एवढा पसारा जमत नाही आणि जमावा असा माझा हट्टही नाही. मला दुपारचं दुसरं काम तरी काय आहे?

दुसरीपाळी

आजी, नमस्कार. तुमचं सगळं बरोबर आहे, पण वर्षाचं भरायला एकरकमी पैसा लागते आणि ठेवायला जागा. आम्ही हिंगणा रोडला दोन खोल्यांत चार माणसं. मिस्टर एमआयडीसीत, पगार महिन्याचा. पिंप ठेवलं तर पोरांनी झोपायचं कुठं? स्वस्त खाण्याच्या गोष्टी निघाल्या की ‘एकदम घ्या, स्वस्त पडते’ हे सगळेच सांगतात. एकदम घ्यायला पैसे कुठून आणायचे, ते कोणी सांगत नाही.

आम्ही यातून काढलेली वाट सांगते. आमच्या गल्लीत बायकांची भिशी आहे. मी माझा नंबर मुद्दाम फेब्रुवारीचा मागून घेतला. भिशी हातात आली की कपडा नाही, भांडं नाही, थेट इतवारीची किराणा ओळ. शेजारीण आणि मी मिळून तूरडाळीचा एक कट्टा घेतो आणि अर्धा-अर्धा वाटतो. वर्षाची नाही, पण पावसाळाभराची डाळ होऊन जाते. डाळ घरात असली की मग भाजीच्या भावाची धास्ती राहत नाही.

तेलाचंही लिहिते. फल्लीतेल फक्त वरच्या फोडणीला, बाकी भाजी सोयाबीन तेलात. तेल बाटलीतून ओतत नाही, पळीनं मोजून घेते. रोजची पळी ठरलेली. भजे करायचे असले तर आदल्या दिवशी हात आखडायचा.

जुनीकोठी

दुसरीपाळी, बाई, बरोबर बोललीस. भिशीचं मला सुचलं नसतं.

फुलपात्र

आमचं प्राधान्य कुटुंबाचं रेशनकार्ड आहे. माणशी 5 किलो धान्य मिळते, 2023 च्या जानेवारीपासून फुकट. आमच्या दुकानात त्यात तांदूळ जास्त येते. आम्ही पोळीवाली माणसं, रोज रात्री नुसता भात कोणाला जात नाही. म्हणून त्यातला थोडा तांदूळ मी चक्कीवरून दळून आणते. त्याचे धिरडे: पीठ, मूठभर बेसन, लसूण, हिरवी मिरची, सांबार (कोथिंबीर), पातळ घोळ. सोबत जवसाची चटणी आणि टमाटरचा रस्सा. पोरांना तो डोसाच वाटते, मीही कधी दुरुस्ती करत नाही.

एक महत्त्वाचं. रेशनच्या तांदळात मधेच काही दाणे वेगळे दिसतात, पिवळसर नाहीतर जास्तच पांढरे, आणि धुताना पाण्यावर येतात. आमच्या वस्तीत कितीतरी बायका ते ‘प्लास्टिकचे’ म्हणून निवडून फेकत. ते पोषणाचे दाणे आहेत. तांदळाचंच पीठ घेऊन त्यात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-12 जीवनसत्त्व घालून दाण्याच्या आकारात काढतात आणि शंभर किलोला एक किलो या हिशेबानं मिसळतात. फेकू नका. तांदूळही रगडून-रगडून धुवू नका.

कोपर

छोटीशी तक्रार. स्वस्त जेवण म्हटलं की लोक डोळे मिटून ‘भाकर खा’ म्हणतात. गेल्या काही वर्षांत आमच्या चक्कीवर चांगली ज्वारी गव्हापेक्षा महाग पडून राहिली आहे. भाकर आवडते म्हणून खा, तब्येतीसाठी खा. खर्च वाचवायचा म्हणून खात असाल तर एकदा भाव पाहून या.

तिसरामाळा

बायको नर्स आहे, तिची संध्याकाळची ड्युटी असली की रात्रीचा स्वयंपाक माझ्याकडे. (‘मदत करतो’ असं म्हणत नाही, घरात वाद होतो.) माझं लक्ष गॅसवर जास्त. सिलिंडर 14.2 किलोचा, तो किती दिवस चालला हे मी कॅलेंडरवर मांडतो. डाळ सकाळी ऑफिसला निघताना भिजत घालायची, संध्याकाळी अर्ध्या शिट्ट्यांत शिजते. कुकरात खाली वरण, मधे भात, वरच्या भांड्यात आलू नाहीतर कोहळ्याच्या फोडी. एका वेळात तीन वस्तू. वाफ आपोआप जिरू द्यायची, चिमट्यानं शिट्टी उचलून सोडून द्यायची नाही.

पाहुणे आले की माझी पाटवडी. भाजी आणायला पळावं लागत नाही आणि ताट मात्र मानाचं दिसते. तेलात जिरं, लसूण-मिरचीचा ठेचा, हळद, तिखट. एका वाटी बेसनाला दीड ते पावणेदोन वाटी पाणी. पाणी उकळलं की बेसन एका हातानं सोडायचं आणि दुसऱ्या हातानं घोटत राहायचं. या वेळी फोन वाजला तरी उचलायचा नाही. गोळा कढईची कड सोडायला लागला की झाकण ठेवून एक वाफ, मग तेल लावलेल्या ताटात थापायचा, वरून किसलेलं खोबरं आणि सांबार. थंड झाल्यावरच कापायच्या. रस्सा वेगळा उकळत ठेवायचा आणि वड्या वाढतानाच त्यात सोडायच्या, कारण आधी सोडल्या तर सगळा रस्सा त्याच पिऊन टाकतात. रस्सा मात्र पातळ हवा. घट्ट ग्रेव्हीची पाटवडी मला लग्नाच्या बुफेतली वाटते.

उरलेल्या वरणाचं आमच्याकडे वरणफळच होते. त्यात पाणी वाढवून उकळी आणायची आणि कणकेची पोळी लाटून शंकरपाळ्यासारख्या कापलेल्या चकत्या सोडायच्या. वर तूप. ज्या दिवशी दोघंही थकून येतो त्या दिवशी हेच.

भाजीसाठी आमच्या अपार्टमेंटची चार घरं मिळून रविवारी सकाळी कळमन्याच्या ठोक बाजारात जातो. एकट्यानं जाण्यात अर्थ नाही. तिथं माल कॅरेटनं आणि कट्ट्यानं मिळते, शिवाय पेट्रोल. चौघांत वाटला तरच तो भाव खरा.

लाखांदूरकर

डाळ महाग झाली की आमच्या गावाकडचे लाखोळीची डाळ वापरतात. वडे काय खुसखुशीत होतात! भावही कमी. इथं कोणी लिहिलं नाही म्हणून आठवण दिली.

सांबारवडी (धागाकर्ती)

दादा, माझ्या आईच्या माहेरीही खात. पण जपून. लाखोळी हेच मुख्य अन्न करून महिनोन्महिने खाल्ली तर पायातली शक्ती जाते, लॅथिरिझम म्हणतात त्याला. 1961 मध्ये तिच्या विक्रीवर बंदी आली ती याचमुळे. त्रास देणारं ते द्रव्य बरंचसं पाण्यात उतरते, म्हणून आई ती रात्रभर भिजवायची आणि पाणी फेकायची, शिजवतानाचं पहिलं पाणीही फेकायची. तेही सणावारी वड्यांपुरतं. स्वस्त आहे म्हणून रोजच्या वरणात घालू नये, विशेषतः लहान पोरांच्या.

आणि बेसन जमलं तर हरभऱ्याची डाळ देऊन समोर दळून घ्या. स्वस्तातल्या तयार बेसनात लाखोळी मिसळलेली निघाल्याचे प्रकार होतात.

कोष्टीपुरा

सामिष कोणीच लिहिलं नाही, मग मीच लिहितो. आम्ही हलबा कोष्टी, घरात सावजी. लोकांना वाटते सावजी म्हणजे नुसता तिखटाचा जाळ आणि खर्चाचं काम. मूळ हे विणकरांच्या घरचं जेवण. आमच्या घरी त्याची खरी करामत मसाल्यात आणि रस्श्यात असते, मटणाच्या ढिगात नाही. आम्ही सहा जण, रविवारी रात्री अर्धा किलो कोंबडी. मटण फक्त सणाला.

आई कांदा आणि सुकं खोबरं चुलीसारख्या आचेवर काळपट होईस्तोवर भाजते. धने, खसखस, दगडफूल, मिरे, लवंग, तेजपान वेगळं भाजून बारीक वाटायचं. रस्श्याला दाटी यावी म्हणून भाजलेलं ज्वारीचं पीठ चमचा-दोन चमचे. मसाला तेल सोडेपर्यंत परतला की गंजभर रस्सा निघते. प्रत्येकाला दोन तुकडे, बाकी रस्सा-भाकर, रस्सा-भात. त्यातला वाटीभर रस्सा आई आधीच बाजूला काढून ठेवते. सोमवारी त्यात उकडलेली अंडी सोडली की दुसरी रात्र निघते. मसाला एकदम दोन वेळांचा वाटून फ्रिजमध्ये ठेवला तर गॅस आणि मिक्सर दोन्ही वाचतात.

फुलपात्र

कोष्टीपुरा, हाच रस्सा अंड्याऐवजी डाळीच्या गोळ्यांना चालेल का? आमच्याकडे सोमवार पाळतात.

कोष्टीपुरा

चालते नं. कोंबडी टाकायच्या आधीच तुमच्यासाठी मसाला बाजूला काढा, म्हणजे प्रश्नच नाही. हरभऱ्याची डाळ जाडसर वाटून गोळे करा, रस्सा खळखळ उकळत असताना एक-एक सोडा आणि लगेच चमचा फिरवू नका, नाहीतर फुटतात.

तिसरामाळा

येत्या रविवारी कळमन्याला जाणार आहोत. आमच्यातलं एक घर गावाला गेलं आहे, त्यामुळे टमाटरच्या कॅरेटमध्ये एक वाटा रिकामा आहे. मानेवाड्याकडचं कोणी असेल तर शुक्रवारपर्यंत इथं सांगा. पिशव्या आपापल्या आणा, सुटे पैसेही.